मधले ठिपके

११ ऑक्टोबर

आणखी एक चकती वाया. भोक नको तेवढं मोठं पडलं, कडा फाटली, पाहण्यासारखं काही उरलं नाही. धातूचा पातळ पत्रा कापायचा, त्यातून शर्टाच्या बटणाहून लहान चकती पंच करायची, सँडपेपरवर घासघासून कागदासारखी करायची, मग ॲसिडच्या फवाऱ्यात धरायची — आणि मधोमध बारीकसं भोक पडलं की त्याच क्षणी थांबायचं. त्या भोकाच्या काठाला धातू इतका पातळ असतो की इलेक्ट्रॉन आरपार जातात. बघायचं ते तिथंच. म्हणजे मी दिवसभर राबते ती भोकासाठी नाही, भोकाच्या काठासाठी. आईला हे समजावून सांगितलं तर म्हणाली, "भोकं पाडायला एवढं शिकावं लागतं होय!"

द्रव नायट्रोजन आजही नाही. पुरवठादाराचा टँकर बिघडलाय म्हणे. ॲसिड उणे तीसच्या खाली हवं, तसं पुस्तकात आहे, सरांच्या नोट्समध्येही आहे. बर्फ आणि मीठ घालून जेमतेम उणे दहाला येतं. आजोबा म्हणाला, थांब. सर म्हणाले, "जमेल तेवढं गार ठेव आणि उरकून टाक. कमिटीला रिपोर्ट हवाय."

आजोबा म्हणजे आमच्या लॅबचा सिनियर. पीएचडीचं सातवं वर्ष, म्हणून आजोबा. नवीन मुलं तर खरंच अहो-जाहो करतात. तोही निमूट ओ देतो.

मी सरांचं ऐकलं.

१४ ऑक्टोबर

अपघाताची चौकशी करणाऱ्या कमिटीचे नमुने संपवले. कुठल्याशा रसायनांच्या कारखान्यात टायटॅनियमचा पाइप फुटला. खाली उभा असलेला ऑपरेटर भाजला, इस्पितळात वारला. पाइप का फुटला हे आम्ही धातूच्या आत बघून सांगायचं. कारखान्याचं नाव नाही, कोणाचं नाव नाही, नुसती पाकिटं — नमुना एक, दोन, तीन, चार. चौथा नमुना जोडातला, म्हणजे वेल्डिंगचा. वरून सगळा काळा. आगीत होता तो.

बाथ लावलाच आहे तर त्यातच कोऱ्या टायटॅनियमच्या दोन चकत्याही करून ठेवल्या. स्टोअरमधला नवाकोरा पत्रा. डिफ्रॅक्शनच्या कोर्ससाठी शुद्ध धातूचा पॅटर्न काढून सोडवायचाय डिसेंबरात, तेव्हा परत कोण हात भाजून घेणार? डबीत ठेवल्या, वर चिठ्ठी चिकटवली. एवढी दूरदृष्टी माझ्यात कुठून आली कोण जाणे.

१९ ऑक्टोबर

आज सापडलं!

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर सकाळचा स्लॉट. नमुना चार आत घातला, व्हॅक्यूम यायची वाट पाहिली, बीम लावला. भोकाचा काठ शोधला. मग डिफ्रॅक्शनवर टाकलं, म्हणजे धातूतल्या अणूंच्या रांगांवरून वळलेले किरण पकडले — पडद्यावर ठिपके. ओळीनं, सरळ, टायटॅनियमचे असायला हवेत तसे. आणि त्यांच्या मधे आणखी ठिपके. फिकट, पण ओळीत. जिथं काहीच नको तिथं.

पहिल्यांदा वाटलं डोळे दुखतायत. नमुना तिरका केला, दुसरीकडे गेले. तिथंही. एका मधल्या ठिपक्याचाच उजेड घेऊन चित्र काढलं तर काळ्या पडद्यावर बारीक बारीक सुया चमकल्या. धातूच्या आत टोचून ठेवल्यासारख्या.

सरांना बोलावलं. ते आले, माझ्या खुर्चीवर बसले (मी उभी), चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले. पट्टी घेऊन ठिपक्यांमधलं अंतर मोजलं. सरांचं नेहमीचं — "आधी मोजा, मग तोंड उघडा." मोजलं आणि म्हणाले, "हायड्राइड."

टायटॅनियम तापलं की हायड्रोजन पितं. म्हणून वेल्ड करताना वरून आतून आर्गॉन वायू सोडून त्याला हवेपासून, ओलीपासून झाकून ठेवावं लागतं. झाकलं नाही की आत या सुया तयार होतात, आणि मग तो जोड बिस्किटासारखा मोडतो. सर उठता उठता म्हणाले, "वेल्डरनं गॅसचा आळस केला. जीव गेला एकाचा." मग दारातून मागे वळून — "छान काम केलंस."

अडीच वर्षांत पहिल्यांदा. मी जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आले.

२० ऑक्टोबर

काल जेवताना घरी सगळं सांगितलं. माझी बडबड सुरू झाली की थांबत नाही. ठिपके, सुया, सर काय म्हणाले. त्या वेल्डरची नक्कलही केली — एका हातात वेल्डिंगचा टॉर्च, दुसऱ्या हातात मोबाइल, गॅस चालू आहे की नाही कोण बघतंय! आई हसली. बाबांना विचारलं, "तुमच्यात असतात का हो असले?" बाबांना काय विचारायचं म्हणा. तीस वर्षं पाइपांच्या वर्कशॉपमध्ये टायटॅनियमच जोडतायत.

बाबा म्हणाले, "एल्बो होता का?"

"म्हणजे?"

"वळणाचा तुकडा. जोड वळणाला होता का सरळ पाइपला?"

वळणाला. मग विचारलं भिंत किती जाड, व्यास केवढा, पाइप अ‍ॅसिडचा की क्लोरीनचा. मला माहीत होतं तेवढं सांगितलं. ते मान हलवत राहिले. मग ताटावरून उठले, हात धुतले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. कंटाळले असतील. घरी आल्यावरही वेल्डिंगच.

२ नोव्हेंबर

रिपोर्ट गेला. सरांची सही, खाली माझं नाव. सर म्हणतात यावर पेपर होईल, लिहायला घे. पहिला मसुदा पाठवला. त्यांनी एकच वाक्य खोडलं. माझ्या मसुद्यात!

१३ नोव्हेंबर

बाबांचा तो जोड.

नीट लिहिते, नाहीतर डोकं चालणार नाही. प्रत्येक वेल्डरला एक नंबराचा शिक्का असतो. जोड केला की शेजारी तो शिक्का ठोकायचा, म्हणजे काम कोणाचं ते कळतं. पाकिटात आलेल्या तुकड्यावर तो नव्हता, तो भाग कमिटीनं स्वतःकडे ठेवला होता. आज वर्कशॉपला पत्र आलं. रिपोर्टप्रमाणे जोडात दोष, शिक्का अमुक. बाबांचा. शिक्का काढून घेतला, घरी बसायला सांगितलं.

मला आईनं सांगितलं. आणि हेही सांगितलं, की त्यांना त्या जेवणाच्या दिवशीच समजलं होतं. वळणाचे ते तुकडे त्यांनीच केले होते. आईला म्हणाले होते, "पोरीला सांगू नकोस. तिचं काम नीट होऊ दे."

आणि मी नक्कल करत होते. मोबाइल हातात धरून. माझंच थोबाड मला बघवत नाही आज.

१४ नोव्हेंबर

बाबांशी बोलले. म्हणजे मी बोलत होते. मी म्हटलं, तुम्ही आळस करणं शक्यच नाही, कुठंतरी काहीतरी चुकलंय.

"तुला दिसलं ना आत?"

"दिसलं."

"तुझ्या सरांनाही दिसलं?"

"हो."

"मग झालं की. मशिनला काय माझ्याशी वैर आहे?" मग म्हणाले, "त्या आठवड्यात हवा दमट होती. मी पाइप आतून पुसून घेतो नेहमी. त्या वेळी घेतला असेल. घेतला नसेलही. आता आठवत नाही."

हे ते रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, हिशोब जुळल्यासारखे.

२१ नोव्हेंबर

सरांना अजून सांगितलं नाही, की वेल्डर माझे वडील. काय सांगू? आणि सांगून बदलणार काय? ठिपके तर तिथंच आहेत.

२४ नोव्हेंबर

खिडकीच्या गजाचा वेल्डिंगचा टाका सुटला. आई म्हणाली, अहो, तेवढं लावून टाका, घरचं मशीन आहे की. बाबा म्हणाले, "दुसऱ्या कोणाला बोलाव." आई स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटत राहिली. गज तसाच लोंबतोय.

३ डिसेंबर

बाबांनी आज विचारलं, "त्या ऑपरेटरचं नाव काय गं?"

मला माहीत नाही, खरंच नाही, आम्हाला सांगतच नाहीत. ते म्हणाले, "असू दे. मी काढतो माहिती."

खुर्चीत बसलेले असतात दिवसभर. टीव्ही बंद. आधी घरात त्यांचा आवाज असायचा — बाथरूममध्ये गाणं, पेपर वाचता वाचता पुढाऱ्यांना शिव्या. आता बाहेरून येताना कुलूप आहे की काय असं वाटतं. आई मला काही म्हणत नाही. न म्हणण्याचाही आवाज होतो.

१५ डिसेंबर

आज जे झालं ते क्रमानं लिहिते.

कोर्सची असाइनमेंट राहिली होती. शुद्ध टायटॅनियमचा पॅटर्न घ्या, प्रत्येक ठिपक्याला त्याचा क्रमांक द्या. मन नव्हतं, पण न देऊन चालणार नाही. ऑक्टोबरातली ती डबी काढली, कोऱ्या पत्र्याची चकती आत घातली. पॅटर्नला टाकलं. ओळीनं ठिपके.

आणि मधे फिकट ठिपके.

आधी वाटलं नमुना बदलला, चुकून चार नंबर घातला. बाहेर काढून बघितलं. नाही. कोरा पत्राच. कधी कधी एकदा वळलेला किरण आतच पुन्हा वळतो आणि नसलेला ठिपका दिसतो — परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. तेही तपासलं. नमुना त्याच ओळीभोवती फिरवत नेला, खोटे असते तर विझले असते. नाही विझले. मग एका मधल्या ठिपक्याचं चित्र काढलं.

सुया. त्याच. तशाच.

या पत्र्याला कोणी वेल्ड केलेलं नाही. कोणी तापवलं नाही, वाकवलं नाही, त्याच्यावर कोणाचा शिक्का नाही. त्याला हात लागला तो फक्त माझा.

उणे दहाचं ॲसिड. पॉलिश होताना ॲसिडातून हायड्रोजन सुटतो आणि बाथ गार नसेल तर टायटॅनियम तो तिथल्या तिथं पिऊन घेतं. पुस्तकात आहे. सरांनी दुसऱ्याच लेक्चरला सांगितलं होतं, मी वहीत खाली रेघही मारली होती. परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क घेतले असते. सुया बाबांच्या जोडात नव्हत्याच. त्या मी घातल्या. मीच घातल्या आणि मीच जाऊन बघितल्या आणि छान म्हणवून घेतलं.

बीम बंद करायलाही विसरले. पुढच्या स्लॉटचा मुलगा येऊन उभा राहिला तेव्हा भानावर आले.

१६ डिसेंबर

सरांना सगळं सांगितलं. कोरा पत्रा. आणि वडील.

सरांनी विचारलं, "केव्हापासून माहीत आहे तुला? वडिलांचं?"

महिना झाला.

"महिनाभर तू गप्प बसलीस. आणि आता नेमकं तुला हवं होतं तेच तुला सापडलं."

"मी शोधत नव्हते सर. असाइनमेंट करत होते."

"प्रत्येक जण असंच म्हणतो. हवा असलेला ठिपका डोळ्याला आधी दिसतो, हे मी तुम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं." रिपोर्टवर त्यांची सही आहे. पेपर जर्नलकडे गेलाय. ते रागावले नव्हते, घाबरले होते, आणि मला ते दिसत होतं म्हणून माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मग तुम्हीच बघा ना सर. मी हातही लावत नाही." आवाज चढला असणार, कारण बाहेरचे टाइप करायचे थांबले.

आजोबा कोपऱ्यात बसला होता. कधी कोणाच्या भांडणात पडत नाही, सात वर्षं टिकलाय तो त्यामुळेच. तो म्हणाला, "सर, त्या आठवड्यात नायट्रोजन नव्हता. बर्फावर केलं होतं. मी होतो तिथं."

सर म्हणाले, "मला माहीत आहे. मीच सांगितलं होतं."

आणि उठून गेले.

१७ डिसेंबर

सरांनी बोलावलं. रात्रभर झोपले नसावेत. नव्यानं करायचं. उरलेल्या तुकड्यातून नव्या चकत्या, पण ॲसिड नाही — आयन मिलमध्ये, म्हणजे आयनांच्या माऱ्यानं झिजवून, द्रव नायट्रोजननं पूर्ण गार ठेवून. करणार आजोबा. मायक्रोस्कोपवर स्वतः सर बसणार. मी लांब राहायचं. योग्यच आहे.

आजोबा म्हणाला, "नंबर झाकून करूया का? कोणता जोडातला, कोणता कोरा, हे मी एकट्यानं माहीत ठेवतो. तुम्हाला कळायला नको."

सर दुखावले. "मी कोणाचा बाप आहे का? तीस वर्षं बघतोय मी."

आजोबानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नको, कशाला आणखी उशीर. मला फक्त लवकर व्हायला हवं होतं.

१८ डिसेंबर

बाबांना सांगितलं, शंका आहे, परत बघतायत. ते ऐकून घेतात आणि मान हलवतात. म्हणाले, "माझ्यासाठी सरांपुढे वाकडं बोललीस काय?" मी म्हटलं नाही. आजोबानं फोनवर आईला सगळं सांगून टाकलंय आधीच. आगाऊ.

२९ डिसेंबर

मायक्रोस्कोप बंद. व्हॅक्यूमचा पंप गेला. इंजिनियर सुट्टीवर.

५ जानेवारी

पंप दुरुस्त. आता फिलामेंट. हे मशीन माणसासारखं आजारी पडतं, एक दुखणं बरं झालं की दुसरं काढतं.

१० जानेवारी

बाबांनी त्या ऑपरेटरचं घर शोधून काढलं. वर्कशॉपच्या ड्रायव्हरला विचारत विचारत. म्हातारी आई आहे, एकटी. मला पत्ता दाखवला, बसच्या तिकिटामागे लिहिलेला. मी म्हटलं, "बाबा, आत्ता जाऊ नका. थोडे दिवस थांबा. माझं ऐका." थांबतो म्हणाले. तिकीट खिशात ठेवलं.

मी त्यांच्या हातांकडे बघत बसले. उजव्या हाताची बोटं नकळत फिरत असतात, टॉर्च फिरवताना फिरतात तशी. आता तीही थांबलीयत.

२२ जानेवारी

आज सर बसले. आजोबा शेजारी. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये, खुर्ची नाही म्हणून जमिनीवर. येणारे-जाणारे विचारत होते, रिझल्ट लागायचाय का. हो म्हटलं.

दुपार झाली. दार उघडलं ते आजोबानं. त्याच्या तोंडावरून काही कळत नाही कधी. म्हणाला, "ये आत."

पडद्यावर नमुना चार. ओळीनं ठिपके. मधे काळोख. नुसता स्वच्छ काळोख. सरांनी दुसरी जागा दाखवली, तिसरी दाखवली, नमुना तिरका करून दाखवला. नाही. मग कोरा पत्रा, तोही स्वच्छ. मग ऑक्टोबरातली माझी चकती शेजारी तुलनेला — ठिपक्यांच्या मधे ठिपके.

सर म्हणाले, "जोड चांगला आहे. फार चांगला आहे, खरं तर." चष्मा काढून डोळे चोळले. "रिपोर्ट मी मागे घेतो. पेपरही. तुझं नाव यात येणार नाही. गार नसताना कर म्हणून मी सांगितलं होतं."

मी रडले. लॅबमध्ये, सर्वांसमोर, बीम चालू असताना. आजोबा म्हणाला, "स्क्रीनवर पाणी उडवू नकोस, महाग आहे." मग त्यानंच चहा आणला.

८ फेब्रुवारी

कमिटीनं मान्य केलं. पाइपाचा टेकू सैल होता, पाइप महिनोन्‌महिने हलत होता, टेकूनं घासून घासून भेग पडली आणि वाढत जोडापर्यंत आली. जोडाचा दोष नाही. वर्कशॉपनं बाबांना परत बोलावलं. शिक्का घरी आणून दिला, मॅनेजर स्वतः आला. हात जोडून उभा होता बिचारा. त्याचाही काय दोष.

संध्याकाळी मी बाबांना सगळं समजावलं. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले, हा माझ्या ॲसिडाचा, हा सरांचा. त्यांनी चष्मा लावून बघितलं. प्रश्नही विचारले — गार ठेवलं तर का पीत नाही, आयननं कापतात म्हणजे काय, हा फोटो कधीचा, सरांना तोवर माझं कळलं होतं का. मी सांगितलं, हो, डिसेंबरातच सांगितलं मी त्यांना. सगळ्याला उत्तरं दिली. शेवटी म्हटलं, "चूक माझी होती बाबा. तुमची नव्हती. कळलं ना?"

"कळलं." माझ्या डोक्यावर हात ठेवला. "चांगलं काम केलंस."

आई पदरानं डोळे पुसत होती आणि आम्हाला ओरडत होती, की जेवण गार होतंय. बाबांनी शिक्का शर्टाच्या खिशात टाकला. जेवताना दोनदा वाढून घेतलं. मला आज झोप येईल.

१५ फेब्रुवारी

बाबा रोज जातात, वेळेवर. डबा नेतात. खिडकीचा गज अजून लोंबतोय, पण मी काही बोलले नाही. आई म्हणते, तिथं सध्या पाइप कापायचं, घासायचं काम मागून घेतात. जोड दुसऱ्याला देतात. हात बसायला वेळ लागतोच म्हणा. तीन महिने झाले हातात टॉर्च नाही.

१९ फेब्रुवारी

डिफ्रॅक्शनच्या पेपरचा निकाल. वर्गात पहिली आले. बाथच्या तापमानावर प्रश्न होता. सरांनी मुद्दाम घातला असणार. पूर्ण मार्क. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "पेढे हवेत," आणि खरंच उठून आणायला गेले. आधीसारखे वाटले एकदम.

२६ फेब्रुवारी

बाबा काल त्या ऑपरेटरच्या आईकडे जाऊन आले. माझ्या आईलाही घेऊन गेले होते, सोबत म्हणून. मला तिनं आज सांगितलं, भाजी निवडता निवडता, वर न बघता. नवा रिपोर्ट बाबांनी नेला नव्हता. कपाटात होता. तिथं म्हातारीसमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, तो जोड माझा. म्हातारी म्हणाली, पण त्यांनी तर कळवलं मला, जोडाचा दोष नव्हता म्हणून. बाबा म्हणाले, "नंतर बघितलं तेव्हा सगळ्यांना माहीत होतं मी कोण ते. माझ्या पोरीनं पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिला माहीत नव्हतं. तेव्हा दिसलं तेच खरं."